अधिकस्य अधिकं फलम्?

‘अधिकस्य अधिकं फलम्’ हे वचन दानधर्माला शोभते. औषधांच्या कपाटाला ते लावले म्हणजे काय होते, याचा इतिहास मी अलीकडे वाचला. आरंभी हसू आले. शेवटी मन सुन्न झाले.

१९३५ साली बुटेनान्ट आणि रुझिच्का या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी टेस्टोस्टेरॉन हे पौरुषाचे द्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले. पुढे १९५४ साली व्हिएन्नाला वजन उचलण्याच्या जागतिक स्पर्धा भरल्या. अमेरिकन संघाबरोबर गेलेल्या डॉक्टर झीग्लर यांच्या कानी आले, की रशियन गडी हेच द्रव्य घेतात! १९५८ मध्ये ‘डायनाबोल’ ही गोळी बाजारात आली. पेनसिल्व्हेनियातील यॉर्कच्या व्यायामपटूंना झीग्लरनी ती बेताच्या मात्रेत दिली. पण गड्यांनी मनाशी त्रैराशिक मांडले : एका गोळीने एवढे, तर चार गोळ्यांनी किती? डॉक्टरांना पुढे आपल्या कृत्याचा फार पश्चात्ताप झाला.

गोळ्या वाढवून झाल्यावर एका औषधाला दुसऱ्याची जोड देण्याची टूम निघाली. पोटात गोळी, दंडात तेलातले इंजेक्शन. येथेच गणित चुकते. स्नायूंच्या पेशीत जणू एक कुलूप असते आणि ही सारी औषधे म्हणजे त्याच कुलपाच्या किल्ल्या. मात्रा वाढली की बळ काही वाढते, हे खोटे नव्हे. पण लाभ येतो तो मुख्यतः त्या एकाच दाराने. हानी मात्र दहा दारांनी शिरते. यकृताने सहज मोडू नये अशी गोळीची घडण असते; तिचा भार यकृतावरच पडतो. इंजेक्शनातले द्रव्य आठवडेच्या आठवडे रक्तात उतरत राहते. त्यातले काही स्त्रीद्रव्यात पालटते, आणि पुरुषाची छाती वाढू लागते. मग त्यावर उतारा म्हणून तिसरे औषध! रक्तातली हितकर चरबी घटते, हृदयाचा स्नायू जाड होतो. बाहेरून एवढी आवक पाहून शरीर आपला स्वतःचा कारखानाच बंद करते. दोन औषधे एकत्र आली म्हणजे हे सारे ओझे एकाच देहावर पडते.

ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर हा शरीरसौष्ठवपटू असाच अनेक औषधे एकत्र घेत असे. त्याच्या त्वचेखाली चरबीचा लवलेश नसे. स्नायूंचा धागान् धागा मोजून घ्यावा! मार्च १९९६ मध्ये म्युनिकच्या इस्पितळात त्याच्या शरीरातील एकेक इंद्रिय निकामी होत गेले. यकृतात गाठी झालेल्या होत्या. वय अवघे ३१.

त्याचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत राहिलो. कोरीव लेणेच ते! पण लेण्याच्या आत दगड असतो. माणसाच्या आत यकृत असते, हृदय असते. आरशाला ती दिसत नाहीत, एवढाच काय तो घोटाळा.