अलिबागची वेधशाळा आणि श्वासाची वही

अलिबागला राहणाऱ्या माणसाला वेधशाळेचे फारसे अप्रूप नसते. मी शाळेत भूगोल शिकवत असे. दरवर्षी आठवीच्या मुलांना तिथवर नेऊन एकच गोष्ट सांगायचो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम आणायचे ठरले. त्या प्रवाहामुळे नाजूक चुंबकसूच्या विचलित झाल्या असत्या. म्हणून संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात लोखंड टाळले होते. आपल्या जिल्ह्याचे नावही तेव्हा कुलाबाच; रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. 'कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच आली' असे म्हटले की मुले हसायची आणि तास संपायचा.

या गोष्टीतला एक तपशील मी नेहमी घाईत सांगून टाकत असे. अलिबागचे काम सुरू झाले तरी कुलाब्याचे लगेच थांबले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. जागा बदलल्यामुळे आकड्यांत पडणारा फरक कळावा आणि जुनी माळ नव्या माळेला जोडता यावी, यासाठी ही खटपट होती. तिचे मोल मला कळले ते माझ्या भाचीच्या खोकल्यामुळे.

ती पूर्ण दिवसांची जन्मली, तरी पहिल्याच दिवसांत तिला श्वासाचा त्रास झाला. पुढे नाक बारा महिने वाहते, कान फुटलेले आणि ओला खोकला. 'कोकणची दमट हवा, मोठी झाली की थांबेल,' असे सगळे म्हणत. मग क्षयाचा संशय आला, औषधेही झाली. छातीचा एक्स-रे काढला तेव्हा हृदय उजवीकडे दिसले. फिल्मवर खूण चुकली असेल, असे समजून तो पुन्हा काढला. हृदय उजवीकडेच होते. आजी म्हणाली, 'देवाची करणी.' पण उजवीकडचे हृदय आणि न थांबणारा खोकला यांचा संबंध कोणी जोडला नाही. मुंबईत निदान झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आजाराचे नाव प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया, थोडक्यात पीसीडी.

हा संबंध जोडायला जगालाही बराच वेळ लागला. अलिबागची वेधशाळा उभी राहिली त्याच १९०४ साली कीव्ह येथील डॉक्टर झिवर्ट यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन केले होते. १९३३ मध्ये झुरिचच्या मानेस कार्टागेनर यांनी उलट बाजूचे अवयव, सायनसचा विकार आणि कायमच्या रुंदावलेल्या श्वासनलिका ही तीन लक्षणे एकत्र मांडली. कारण मात्र १९७६ मध्ये पुढे आले. स्वीडनचे ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की या रुग्णांच्या सिलियांची रचनाच सदोष आहे.

सिलिया म्हणजे श्वासनलिकेच्या आतल्या थरावरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू. शेतातले भात वाऱ्याने डोलावे तसे ते एका दिशेने हलतात आणि धूळ, जंतू, कफ वर ढकलतात. ते हलले नाहीत तर कफ साचतो, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो आणि नलिकांची हानी होते. गर्भाची डावी-उजवी बाजू ठरवण्याचे कामही अशाच सिलियांकडे असते. ते बंद पडले की बाजू नशिबावर ठरते. म्हणून सुमारे निम्म्या रुग्णांत अवयव उलट बाजूला असतात.

या आजारावर मुळातून उपाय अजून नाही. रोज व्यायामाने कफ काढायचा, संसर्गाला वेळीच प्रतिजैविक द्यायचे आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवायचे. हे लक्ष ठेवण्याचे साधन म्हणजे स्पायरोमेट्री. गंमत अशी की तिचाही जन्म १८४६ चाच. त्या वर्षी लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास मोजून दाखवले की फुप्फुसांची क्षमता उंचीबरोबर ठरावीक प्रमाणात वाढते. पुढे १९४७ मध्ये फ्रान्सचे रोबेर तिफनो यांनी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजण्याची कल्पना मांडली. आज डॉक्टर तोच आकडा आधी पाहतात.

मोठ्या माणसाचा आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. वाढत्या मुलाचे तसे नाही. त्याची फुप्फुसे वाढतच असतात. वर्षभर लिटर तेवढेच राहिले तर तीही पीछेहाटच. म्हणून त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या निरोगी मुलाशी तुलना करून टक्केवारी काढतात. मग प्रश्न येतो, हे निरोगी मूल कुठले?

या प्रश्नाचा इतिहास फारसा स्वच्छ नाही. हचिन्सन यांच्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील सॅम्युएल कार्टराइट यांनी स्पायरोमीटरचे आकडे गुलामगिरीच्या समर्थनासाठी वापरले. वंशानुसार आकडा 'दुरुस्त' करण्याची पद्धत त्यानंतर शतकाहून अधिक काळ टिकली. भारतीयांसाठी आपल्या डॉक्टरांनी स्वतंत्र मोजमापे केली. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये भारतीय प्रमाणे प्रसिद्ध केली, डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये. २०१२ मध्ये चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक निरोगी लोकांच्या मापांवरून जागतिक समीकरणे आली. पण भारतीय उपखंडाची माहिती त्यांत सामावली नव्हती. भारतीय आकडे कमी येतात त्यात शरीराची ठेवण किती आणि बालपणीचे कुपोषण, चुलीचा धूर किती, हा वाद मिटलेला नाही. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश बाजूला ठेवणारी समीकरणे वापरण्याची शिफारस केली.

हे सारे मी वाचले ते एका दुपारनंतर. भाची पंधरा वर्षांची असताना तिचे रुग्णालय बदलले. पहिल्याच तपासणीत टक्केवारी एकदम खाली आली. मांडव्याला परतताना लाँचमध्ये बहीण रडत होती आणि भाची तिला म्हणत होती, 'आई, मला तर काही वेगळं वाटत नाहीये.' घरी आल्यावर मी जुने-नवे अहवाल शेजारी ठेवले. लिटर जवळजवळ तेवढेच होते. तळाशी बारीक अक्षरांत तुलनेच्या समीकरणाचे नाव होते आणि दोन्ही अहवालांवर ते वेगळे होते. पट्टी बदलली होती आणि कोणी सांगितले नव्हते.

मला १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे आठवली. आम्ही सहा वर्षांची सगळी मापे, त्या त्या वेळच्या उंचीसह, डॉक्टरांकडे नेली आणि एकाच पट्टीने पुन्हा काढून घेतली. एकदम झालेली घसरण नाहीशी झाली. पण तिच्या जागी दुसरे काही दिसले. बाराव्या वर्षापासून रेषा हळूहळू उतरत होती. लिटर थोडे वाढत होते म्हणून आम्ही निर्धास्त होतो. उंची त्याहून वेगाने वाढत होती. त्या दिवसापासून कफ काढण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा झाला आणि खोकला वाढला की थांबून पाहणे बंद झाले.

पुढे काय होईल, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात ७४ रुग्णांच्या नोंदी होत्या, काहींच्या तर तीस वर्षांच्या. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांची क्षमता दहा टक्के-बिंदूंहून अधिक घटली, निम्म्याहून अधिक स्थिर राहिले आणि दहांतील एकाची सुधारली. लवकर निदान झाले म्हणजे फुप्फुसे वाचतीलच, असेही त्यांना आढळले नाही. हे वाचून मी बरेच दिवस बहिणीला काही सांगितले नाही. २०१८ मध्ये अनेक देशांतील ९९१ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा सहा ते नऊ वर्षांच्या मुलांतही क्षमता कमी दिसली. कोणते जनुक बिघडले आहे यावरही पुढची वाट बरीच अवलंबून असते. आजवर अशी पन्नासहून अधिक जनुके सापडली आहेत. २०२० मध्ये ९० रुग्णांवरील चाचणीत अ‍ॅझिथ्रोमायसिनमुळे आजार उफाळण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. एवढ्या दुर्मीळ आजारात अशी चाचणी होणे हीच मोठी गोष्ट.

डॉ. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी १९१० मध्ये दोन खंडांत छापल्या. जगभरातले अभ्यासक आजही त्यांचा उपयोग करतात, कारण ती माळ मध्येच तुटलेली नाही.

भाची आता एकोणीस वर्षांची आहे. तिची रेषा चार वर्षे जवळपास आडवी आहे. डॉक्टर म्हणतात, 'सध्या एवढं पुरे.' दर तीन महिन्यांनी ती मुंबईला जाते, पावसाळ्यात वडखळवरून बसने. शंभरपानी वहीत तिने तारीख, उंची, लिटर आणि टक्के असे रकाने आखले आहेत. पाचवा रकाना तिने नंतर वाढवला. त्यात यंत्राचे आणि समीकरणाचे नाव असते. मागच्या खेपेला तिथे नवे यंत्र आले होते. ती तंत्रज्ञांना म्हणाली, 'काका, आज जुन्यावर पण एकदा फुंकू का?' त्यांनी फुंकू दिले. वहीत त्या तारखेसमोर दोन ओळी आहेत.