सर्व्हर, व्यावसायिक : परवाने व क्षमतावाढ

एखाद्या कार्यालयातील अनेक संगणकांना फायली, छपाई, हिशेब, सामायिक माहितीसाठा अशा सेवा एका ठिकाणाहून पुरवणारे यंत्र आणि त्यावर चालणारी संगणकप्रणाली यांना मिळून व्यावसायिक सर्व्हर म्हणतात. त्याची निवड करताना दोन प्रकारच्या वाढींचा विचार करावा लागतो : एक वापरणाऱ्या माणसांची, जिचा हिशेब परवान्यांत होतो, आणि दुसरी कामाच्या बोजाची, जिचा हिशेब प्रोसेसर, रॅम व डिस्क यांत होतो. या दोन वाढी एका गतीने होत नाहीत, शिवाय यंत्रातील एखादा बदल परवान्यांचा खर्चही वाढवू शकतो. म्हणून दोन्हींची दरपत्रके वेगवेगळी मागवून स्वस्त ती निवडण्याची रूढ पद्धत येथे फसवी ठरते.

वापरकर्त्यांगणिक परवाना देण्याची प्रथा जुनी आहे. १९९० च्या दशकात नॉव्हेल कंपनीची नेटवेअर ही प्रणाली वापरकर्त्यांच्या ठरावीक टप्प्यांत विकली जात असे. विंडोज एनटी सर्व्हरमध्ये एका सर्व्हरवरील एकाचवेळच्या जोडण्या मोजाव्यात की सर्व सर्व्हर वापरणाऱ्या जागा मोजाव्यात, हे ग्राहकाने ठरवायचे असे, आणि पहिल्या पद्धतीवरून दुसरीवर जाण्याची मुभा एकदाच मिळे.

आजच्या विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड व डेटासेंटर आवृत्त्यांत मूळ प्रणालीच्या परवान्याखेरीज प्रवेश-परवाने घ्यावे लागतात; बाजारात त्यांना ‘कॅल’ म्हणतात. कॅल व्यक्तीच्या नावे घेता येतो किंवा उपकरणाच्या. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात गोदामाच्या एकाच संगणकावर आळीपाळीने तिघे बसत असतील, तर उपकरणाचा एक कॅल पुरतो. उलट विक्री प्रतिनिधी कार्यालयातील संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल अशा तिन्हींवरून सर्व्हर गाठत असेल, तर त्याच्या नावचा एक कॅल स्वस्त पडतो. सर्वांनी एकच लॉगिन वापरल्याने किंवा मध्ये दुसरी प्रणाली बसवल्याने कॅलची संख्या कमी होत नाही, हा नियम पुष्कळ कार्यालयांना तपासणीच्या वेळीच कळतो. कॅल आपल्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीच्या सर्व्हरला चालतो, नंतरच्या नाही. त्यामुळे २०१९ चे कॅल हाती असताना २०२२ ची प्रणाली बसवल्यास, नूतनीकरणाचा वेगळा करार नसेल तर, सर्व कॅल नव्याने घ्यावे लागतात. दूरस्थ डेस्कटॉपसाठी याहून निराळा कॅल लागतो. साध्या कॅलची मोजणी सर्व्हर स्वतः करीत नाही, मात्र दूरस्थ डेस्कटॉपची करतो, आणि १२० दिवसांची सवलत संपली की जोडण्या नाकारतो.

लहान व्यवसायांसाठी काढलेल्या आवृत्त्यांत खरा प्रश्न कमाल मर्यादेचा असतो. स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३ मध्ये ही मर्यादा ७५ होती, म्हणजे ७६ वा माणूस आला की सगळी मांडणीच बदलावी लागे. त्याची जागा घेणाऱ्या एसेन्शियल्स आवृत्तीला कॅल लागत नाहीत, पण २५ वापरकर्ते व ५० उपकरणे यांपुढे ती जात नाही. साध्या संगणकावरील विंडोज १० किंवा ११ लाच ‘सर्व्हर’ म्हणण्याची जी सोय अनेक दुकाने-कचेऱ्या करतात, तिच्यातही इतर २० उपकरणांनाच फायली व छपाईसाठी जोडण्याची परवानगी असते.

विंडोज सर्व्हर २०१६ पासून स्टँडर्ड व डेटासेंटर आवृत्त्यांचा मूळ परवाना प्रोसेसरमधील कोअर, म्हणजे स्वतंत्र गणना करणारे घटक, मोजून दिला जातो. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअरांचे परवाने घ्यावेच लागतात. ८ कोअरांचे छोटे यंत्र घेऊन येथे बचत होत नाही. स्टँडर्ड आवृत्तीत सर्व कोअरांचे परवाने एकदा घेतल्यास दोन आभासी संगणक चालवता येतात. २४ कोअरांच्या यंत्रावर असे चार हवे असतील, तर ४८ कोअरांचे परवाने लागतात. डेटासेंटर आवृत्तीत आभासी संगणकांच्या संख्येला मर्यादा नाही.

यंत्राची क्षमतावाढ याच ठिकाणी परवान्यांना येऊन भिडते. दोन प्रोसेसरांची सोय असलेले यंत्र सध्या एकच प्रोसेसर घालून घ्यावे व दुसरा पुढे बसवावा, हा सल्ला विक्रेत्यांकडून सर्रास मिळतो. परंतु दुसरा प्रोसेसर नसताना त्याच्या वाट्याचे रॅमचे खाचे आणि काही विस्तार-खाचे निकामी राहतात. तो पहिल्याच्याच मॉडेलचा लागतो, जो काही वर्षांनी सहज मिळत नाही. आणि १६ कोअरांचा असा प्रोसेसर वाढवताच परवाने १६ वरून ३२ कोअरांचे करावे लागतात. बहुसंख्य मध्यम कार्यालयांना एकाच प्रोसेसरचे, पण भरपूर रॅम-खाचे असलेले यंत्र अधिक हिताचे ठरते. रॅम घेताना ३२ जीबीसाठी ८ जीबीच्या चार पट्ट्यांऐवजी १६ च्या दोन घेतल्यास खाचे शिल्लक राहतात. नोंदणीकृत व साध्या प्रकारच्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत. डिस्कबाबत, ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये जोडल्यास १२ टीबी जागा मिळते व एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकते; रेड ६ मध्ये ८ टीबी मिळते, पण दोन डिस्क गेल्या तरी काम चालू राहते. चालू यंत्रातून डिस्क बदलता येईल असे रिकामे कप्पे आरंभीच घ्यावेत, कारण ते मागाहून बसवणे बहुधा परवडत नाही.

भारतात हिशेबासाठी रूढ असलेल्या टॅलीप्राइमचा सिल्व्हर परवाना एका वापरकर्त्यासाठी, तर गोल्ड परवाना एका स्थानिक जाळ्यावरील अमर्याद वापरकर्त्यांसाठी असतो. ही अमर्यादता टॅलीपुरतीच आहे. तिचा माहितीसाठा विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड किंवा डेटासेंटर आवृत्तीवर ठेवल्यास कॅल लागतातच. कंपनी कायद्याखालील लेखानियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे, आणि ही जागा आरंभीच्या क्षमतेत क्वचितच धरली जाते.

लिनक्सवर आधारित प्रणालींत वापरकर्ते मोजण्याची पद्धत सहसा नसते. डेबियन विनामूल्य आहे, तर रेड हॅटची भौतिक सर्व्हरसाठीची वर्गणी प्रोसेसर-खोबणींच्या जोडीवर आकारली जाते. फायली वाटून देणारी साम्बा ही प्रणाली २०१२ मधील ४.० आवृत्तीपासून विंडोज संगणकांचे डोमेनही सांभाळू शकते. तिचा खर्च परवान्यात नसून जाणकार मनुष्यबळात होतो, आणि तसा माणूस हाताशी नसलेल्या कार्यालयाला कॅलची किंमतच कमी वाटण्याचा संभव असतो.