मडगार्ड तुटलं, तिथून पुढे

११ डिसेंबर १९७२, संध्याकाळी ५.५४ (ह्यूस्टनची वेळ). अपोलो १७ चे यूजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट चंद्राच्या टॉरस-लिट्रो दरीत उतरून पहिल्या सफरीला बाहेर पडतात. गाडी विजेची, चाकं पोलादी तारांच्या जाळीची.

साधारण पावणेआठ. सर्ननच्या नडगीजवळच्या खिशातला हातोडा मागच्या उजव्या मडगार्डात अडकतो आणि मडगार्डाचा टोकाकडचा भाग तुटून येतो. मडगार्ड म्हटलं की आपल्याला पँटवर उडणारा चिखल आठवतो. इथे प्रकरण जिवाशी येऊ शकतं. हवा नसल्याने चाकाने उडवलेली धूळ कमान करून थेट माणसांवर आणि यंत्रांवर कोसळते. बॅटऱ्यांची उष्णता बाहेर टाकणारे आरसे तिने माखले, की बॅटऱ्या तापणार. धूळ खरखरीत, काचेसारखी धारदार; पोशाखाच्या सांध्यांतही शिरते. गाडी वाटेत बंद पडली तर पायी परतायचं, तेही पाठीवरचा प्राणवायू संपायच्या आत. म्हणून चालत परतता येईल इतकंच लांब जायचं, हा नियम आधीच ठरलेला होता.

थोड्या वेळाने. सर्नन करड्या चिकटपट्टीने तुकडा जागेवर बसवतो. फुगलेले जाड हातमोजे, आणि पट्टी चिकटवायची ती धुळीवर! वाटेवरची दुरुस्ती इथेच फसते. आधी पुसायला हवं आणि पुसायलाच धड जमत नसतं.

रात्री उशिरा. परतीच्या टप्प्यात तुकडा गळून पडतो. माणसं, अवजारं, गाडी, सगळ्यांवर काळी धूळ.

१२ डिसेंबर, मध्यरात्रीनंतर १.०६. दोघे यानात परततात. ते झोपलेले असताना ह्यूस्टनमध्ये जॉन यंग आणि त्याचे सहकारी डोकं लढवतात. याच यंगच्या अपोलो १६ च्या गाडीचंही मागचं मडगार्ड एप्रिलमध्ये असंच गेलं होतं, त्यामुळे धूळ म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं. यानात हाताशी काय आहे ते पाहून प्रत्यक्ष जोडणी करून बघितली जाते.

झोपून उठल्यावर. यंग रेडिओवरून बदली मडगार्डाची कृती सांगतो. चार जाड नकाशे एकमेकांना पट्टीने जोडायचे, पण बाहेर नव्हे, यानाच्या आत, उघड्या हातांनी. गाडीवर मात्र चिकटवायचे नाहीत; यानातल्या दिव्यांचे चिमटे काढून त्यांनी आवळायचे. माझ्या मते खरी युक्ती ही चिमट्यांची. चिकटपट्टीचं कौतुक उगाच फार झालं.

संध्याकाळी ५.२८. दुसरी सफर सुरू. चिमटे आवळले जातात.

पुढचे साडेसात तास. यानापासून सुमारे साडेसात किलोमीटर दूर, म्हणजे चालत यायची वेळ आली असती तर कस लागला असता इतकं. परतताना शॉर्टी विवराच्या काठावर श्मिटला नारिंगी माती सापडते: ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक मणी.

१३ डिसेंबर, रात्री १.०५. दोघे यानात. नकाशांचं मडगार्ड जागेवर आहे. तिसऱ्या सफरीलाही तेच चालवायचं ठरतं.