दांतांच्या ओळीचा इतिहास

पुण्याच्या पेठांतून आणि उपनगरांतून सध्यां एक प्रश्न घरोघर निघतो. मुलीला बारावें वर्ष लागलें. वरचा सुळा ओळीबाहेर डोकावूं लागला. पटाशीचे दांत एकमेकांवर चढले. वर्गांतल्या मैत्रिणींच्या दांतांना तारा बसल्या आहेत, मग हिच्याहि बसवाव्या काय? आजी म्हणते, हें हिच्या आजोळचें वळण, आपल्या घरांत असले दांत कोणाचे नाहींत. आई गप्प बसते आणि वडील मनांतल्या मनांत खर्चाचा हिशेब मांडूं लागतात. आजीचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. तें अर्धें खरें आहे. उरलेल्या अर्ध्याचा शोध घेण्यास पुण्याहून फार लांब जावें लागत नाहीं.

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या वतीनें प्रा. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांत नांदलेली शेतकऱ्यांची वसाहत त्यांना तेथें सांपडली. जवस नव्हे, जव हें त्या लोकांचें मुख्य धान्य. तें दगडी पाट्यावर रगडीत. तान्हें मूल दगावलें कीं दोन मडकीं तोंडास तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत आणि घराच्या जमिनीखालींच पुरीत. आईबापांच्या त्या मायेमुळें तीन हजार वर्षांपूर्वींचे दुधाचे दांत आज अभ्यासूंच्या हातीं लागले आहेत. अमेरिकेंतील ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनीं त्यांचें बारकाईनें मोजमाप केलें. दुधाच्या सुळ्यावर पडलेल्या बारीक खळग्यावरून त्या अर्भकाला काय सोसावें लागलें असेल, हेंहि ताडण्याचा त्यांनीं यत्न केला.

इनामगांवांत सर्वांचे दांत सरळ होते असा निष्कर्ष यावरून काढणें उतावीळपणाचें होईल. पण दगडावर रगडलेल्या भरड धान्याचें आणि मऊ पावाचें जबड्यावर होणारें कार्य एकच नव्हे, एवढें खास. दांतांचा आकार बहुतांशीं वंशानें ठरतो. जबड्याची वाढ मात्र वंशाइतकीच लहानपणच्या चावण्यावरहि अवलंबून असते, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. काम कमी पडलें कीं हाड अपुरें वाढतें. पाहुणे तेवढेच, पण ओसरी अरुंद, अशी अवस्था होते. रॉबर्ट कॉरुचिनी या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह उत्तर हिंदुस्थानांत खेड्यांतील आणि शहरांतील तरुणांच्या दांतांची तुलना करून ती १९८३ सालीं प्रसिद्ध केली. रक्त एकाच प्रकारचें, तरी दांतांची दाटी शहरी मुलांत अधिक आढळली. सगळेच तज्ज्ञ या एका कारणावर भर देत नाहींत. अंगठा चोखणें, तोंडानें श्वास घेणें, दुधाची दाढ अवेळीं काढणें हींहि कारणें आहेतच. तरीपण आजोळावर सगळा बोल लावतां येणार नाहीं, हें यावरून उघड होतें.

आतां उपायांकडे वळूं. दांत कोरण्याची विद्या फार जुनी. बलुचिस्तानांतील मेहरगड येथें साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीं गारगोटीच्या टोंकानें कोरलेल्या ११ दाढा सांपडल्या आहेत. दांत सरळ करण्याचें मात्र तसें नाहीं. सुश्रुतानें अधिक उगवलेला दांत उपटून ती जागा डागण्यास सांगितलें आहे. वाग्भटानें दंतरोगांत 'कराल' नांवाचा विकार गणला. वायु दांतांचा आश्रय करून त्यांना हळूहळू वेडेवांकडे करतो, असें त्याचें लक्षण. पुढें माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत या करालास असाध्य ठरविलें. आमच्या वैद्यांची दृष्टि येथें तीक्ष्ण होती. हा रोग एका दिवसाचा नव्हे, तो सावकाश घडतो, हें त्यांनीं अचूक हेरलें. जें सावकाश घडतें तें सावकाश उलटवितांहि येईल, हा तर्क मात्र कोणी पुढें नेला नाहीं.

पेशवाईंतल्या पुण्यांत दांतांच्या सौंदर्याची कल्पनाच निराळी होती. सुवासिनी दातवण लावून दांत काळे करीत आणि तें सौभाग्याचें चिन्ह समजलें जाई. काळ्या दांतांत ओळीचा दोष फारसा नजरेंत भरत नसावा. पुढें दांत पांढरे ठेवण्याची रीत आली आणि वांकडेपणा प्रकाशांत आला. मुलगी पाहावयास येणाऱ्या मंडळींना फेंदरे दांत दिसूं लागले, आणि कित्येक मुली तोंडावर पदर धरून हंसावयास शिकल्या.

युरोपांत पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें एक साधा उपाय सांगितला. दुधाचा दांत न पडतां मागून पक्का दांत आला, तर दुधाचा काढावा आणि नव्याला रोज बोटानें जागेकडे दाबावें. त्यानंतर फ्रान्सच्या पिएर फोशार यानें १७२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत धातूची कमानदार पट्टी दांतांशीं दोऱ्यानें बांधण्याची युक्ति वर्णिली. पण या विद्येला शास्त्राचें रूप देण्याचें श्रेय अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यालाच दिलें पाहिजे. मूल सहा वर्षांचें झालें कीं जी पहिली पक्की दाढ येते, तिला प्रमाण मानून त्यानें १८९९ सालीं वांकड्या दांतांचे तीन वर्ग पाडले. ते आजहि शिकविले जातात. पुढच्याच वर्षीं त्यानें या विद्येची स्वतंत्र शाळा काढली.

अँगल मोठा हट्टी. निसर्गानें दिलेले बत्तीसच्या बत्तीस दांत तोंडांत राहिलेच पाहिजेत, असा त्याचा कटाक्ष असे. १९३० सालीं तो वारला. त्यानंतर त्याच्याच शिष्यांनीं गुरूचें हें मत उलथून टाकलें. चार्लस ट्वीड यानें, दांत न काढतां ज्यांच्यावर उपचार केले होते अशा सुमारें शंभर रोग्यांवर चार उपदाढा काढून पुन्हां उपचार केले, आणि १९४० सालीं दोन्हीं फळें समव्यवसायी मंडळींपुढें मांडलीं. आपलीच चूक अशी चव्हाट्यावर मांडण्यास धैर्य लागतें. दुसरा शिष्य ऑस्ट्रेलियाचा रेमंड बेग. तेथील आदिवासींच्या जुन्या कवट्या त्यानें तपासल्या. वाळूमिश्रित कठीण अन्नानें त्यांचे दांत वरून आणि बाजूंनीं झिजत, आणि त्या झिजण्यानेंच ओळींत जागा होई. आमचे दांत झिजत नाहींत, म्हणून कधीं कधीं ते काढावे लागतात, असें त्यानें १९५४ सालीं मांडलें. म्हणजे इनामगांवच्या पाट्याचा प्रश्नच दुसऱ्या खंडांत दुसऱ्या वाटेनें पुढें आला. बेगची बारीक तारांची पद्धति हिंदुस्थानांतील दंतविद्यालयांतूनहि पुष्कळ वर्षें शिकविली गेली. त्याचा सिद्धान्त आज जसाच्या तसा कोणी मानीत नाहीं. तरी उपदाढा काढाव्या कीं न काढाव्या हा वाद अजून मिटलेला नाहीं. त्यासाठीं दुसऱ्या दंतवैद्याचें मत घेण्यांत पालकांनीं संकोच मानूं नये.

दांत मुळीं सरकतो कसा? हाड दगडासारखें नाहीं. तें सारखें मोडत व घडत असतें. तारेचा हलका, अखंड दाब पडला कीं दाबाच्या बाजूचें हाड विरघळतें आणि मागच्या बाजूस नवें हाड भरतें. दांत आपल्या घरासकट पुढें सरकतो. जोराचा दाब दिल्यास काम लवकर होत नाहीं, उलट मुळास इजा होते. म्हणूनच या उपचारास बहुधा दीड-दोन वर्षें लागतात. प्रथम तार सोन्याची असे, पुढें पोलादाची आली. पूर्वीं प्रत्येक दांतास कडें बसवावें लागे. १९५५ सालीं ब्यूनोकोर यानें दांताच्या कवचावर आम्ल लावून पदार्थ चिकटविण्याची रीत शोधली, आणि पुढें त्याच रीतीनें लहानशा टिकल्या दांतावर चिकटवूं लागले.

आमच्याकडे या विद्येचा जम उशिरां बसला. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतविद्यालय १९३३ सालीं निघालें. दंतवैद्यांचा कायदा १९४८ सालीं झाला, आणि दांत सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ सालीं स्थापन झाली. पुण्यांत भारती विद्यापीठाचें दंतविद्यालय १९८९ मधलें. तोंपर्यंत अनेक पुणेकरांना यासाठीं मुंबईच्या खेपा घालाव्या लागत.

आतां वयाचा विचार. तारा सर्व पक्के दांत आल्यावर, म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षांनंतर बसतात, हें बहुतेकांस ठाऊक असतें. म्हणून तोंवर तोंडाकडे कोणी पाहात नाहीं. अमेरिकेंतील या विद्येच्या तज्ज्ञांची संस्था सातव्या वर्षींच एकदां तपासणी करण्यास सांगते. त्या वयांत लगेच उपचार करावे लागतातच असें नाहीं. पण अरुंद टाळू रुंद करणें, पडलेल्या दाढेची जागा राखणें, मागें राहिलेल्या खालच्या जबड्यास पुढें वाढूं देणें, हीं कामें हाड वाढत असतांनाच होतात. या शेवटच्या कामाचें एक साधन डेन्मार्कच्या आंद्रेसन यानें स्वतःच्या मुलीच्या तोंडांत अजमावलें. सुट्टीवर जातांना त्यानें तिच्या तारा काढून एक सैल साधन दिलें. मुलगी परतली तेव्हां जबड्याची स्थिति आधींहून सुधारलेली त्याला आढळली. 'लग्नाच्या वेळीं पाहूं' म्हणणाऱ्यांच्या हातून हीच संधि निसटते. जबड्याचाच दोष मोठा असेल, तर वाढ संपल्यावर शस्त्रक्रियेवांचून तो नीट सुधारत नाहीं.

प्रौढांनीं मात्र निराश होऊं नये. हिरड्या निरोगी असतील तर चाळिशींतहि दांत सरकतो. १९९७ सालीं अमेरिकेंत एक कंपनी निघाली आणि तिनें पारदर्शक साच्यांची पद्धति प्रचारांत आणली. तारांचा संकोच वाटणाऱ्यांना ती सोयीची पडते. साचे दिवसांतून वीस-बावीस तास तोंडांत ठेवण्याइतकी शिस्त मात्र हवी. दंतवैद्याच्या खुर्चींत न बसवितां टपालानें साचे पाठविणारी तिकडची एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्यें बंद पडली, आणि तिचे अनेक रोगी उपचाराच्या अर्ध्या वाटेवर राहिले.

तारा निघाल्या म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. दांतांभोंवतालचे तंतु त्यांना पूर्वस्थळीं ओढूं पाहातात, म्हणून रात्रीं लावावयाची पट्टी वैद्य देतो. ती पहिले कांहीं महिने नेमानें लागते, मग परीक्षेच्या गडबडींत कपाटाच्या खणांत पडून राहते, आणि वर्षभरांत सुळा पुन्हां आपल्या जुन्या जागेकडे सरकूं लागतो.