बदललेल्या माणसाला दिलेली शिक्षा

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या हंट्सव्हिल कारागृहात २६ ऑक्टोबर २००४ रोजी डॉमिनिक ग्रीन या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय कैद्याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड देण्यात आला. अटक झाली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मधल्या बारा वर्षांत कोठडीच्या भिंतींआड जे घडले, त्याची नोंद न्यायालयाच्या कोणत्याही कागदात नाही.

मनोरुग्ण आईकडून झालेला छळ, मोडलेले घर आणि रस्त्यावरचे आयुष्य, ही त्याची बालपणाची शिदोरी होती. १९९२ साली ह्यूस्टन शहरात एका दुकानाबाहेर लूटमार झाली आणि तीत एक मनुष्य गोळी लागून मेला. डॉमिनिकने लूटमारीतील आपला सहभाग नाकारला नाही. गोळी मात्र आपण झाडली नाही, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. बरोबरच्या दोघांना सौम्य शिक्षा झाल्या. चौथा तरुण गौरवर्णीय होता. त्याच्यावर खटलाच भरला गेला नाही. मृत्यूचा निवाडा करणाऱ्या ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता.

कोठडीत तो वाचू लागला, लिहू लागला. त्याच्या पत्रामुळे रोममधील संत एजिदियो समुदायाशी त्याचे नाते जुळले आणि आप्तांनी न दिलेला आधार समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांनी दिला. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचा क्षमेविषयीचा ग्रंथ त्याने वाचला, इतर कैद्यांनाही वाचावयास दिला. त्याने स्वतः क्षमा केली आणि सोबत्यांनाही क्षमा शिकवली. त्याच्याजवळ एक जपमाळ असे. तिचा एकेक मणी म्हणजे त्याच्याआधी मृत्युदंड भोगलेला एकेक सोबती. लेखक थॉमस केहिल यांच्या आग्रहावरून मार्च २००४ मध्ये स्वतः टुटू त्याला भेटावयास आले, आणि आपणच काही घेऊन परतत आहोत, अशी त्यांची भावना झाली.

मृताच्या पत्नीनेही डॉमिनिकचे प्राण वाचवावेत, अशी विनंती केली. ज्यांचे दुःख सर्वांत मोठे, त्यांनी क्षमा केली. राज्याने केली नाही. ह्यूस्टन पोलिसांच्या ताब्यातील पुराव्यांची २८० खोकी चुकीच्या नोंदींखाली पडून असल्याचे त्याच वर्षी उघड झाले होते. त्या आधारे एका न्यायाधीशांनी ऐनवेळी स्थगिती दिली; वरिष्ठ न्यायालयाने ती उठवली. मृत्यूच्या क्षणी डॉमिनिकने राग व्यक्त केला नाही. आपल्याला न्याय नाकारला गेला याची खंत त्याने बोलून दाखवली आणि लाभलेल्या स्नेह्यांचे आभार मानले.

अशा कथेतून आपण सहज एक निष्कर्ष काढतो, की इतका पालटलेला माणूस मारावयास नको होता. परंतु हा निष्कर्ष अपुरा आहे. डॉमिनिक संतवृत्तीचा झाला नसता, कोठडीत कडवट व अबोल राहिला असता, तरी तो पक्षपाती खटला न्याय्य ठरला नसता. पालट ही देवाची कृपा आहे. ती जगण्याच्या हक्काची अट नव्हे. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद २२६७ बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरविला, तो याच कारणास्तव: घोर अपराधानेही मनुष्याची प्रतिष्ठा नष्ट होत नाही.

क्रुसावरील ख्रिस्ताने शेजारच्या अपराध्याला सुखलोकाचे वचन दिले, तेव्हा त्याच्या हातून सत्कृत्य घडण्यास अवधीच उरला नव्हता. डॉमिनिकला बारा वर्षांचा अवधी मिळाला. त्याने त्या अवधीचे काय केले, ते आपण पाहिले; पुढच्या वर्षांत काय केले असते, ते पाहण्याची वाट राज्याने बंद केली.