गुरुवारची खुडबुड

इंग्लंडात घरगुती वर्कशॉपचा हंगाम बागेतली कामं संपली की सुरू होतो. बाहेर गारठा, दुपारी चारलाच अंधार. मग माणूस परसातल्या शेडमध्ये शिरतो आणि वसंत येईपर्यंत वाफेचं एखादं खेळण्याएवढं इंजिन घडवत बसतो. अशा हौशी मंडळींसाठी तिथे 1898 साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक निघालं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात हे गणित उलटं आहे. इथे माणसाला घरात कोंडतो तो पावसाळा, आणि थंडी त्याला हत्यारांसह अंगणात काढते. जून ते सप्टेंबर कानशींवर तांबूस गंज चढतो, लाकूड फुगून खाचेत बसत नाही, ऑइलपेंटचा हात दिवसेंदिवस चिकट राहतो आणि ओल्या फरशीवर ग्राइंडर चालवायची हिंमत शहाणा माणूस करत नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी होत जाते. डिसेंबरात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असला तरी दुपारी तिशीच्या आसपास असतो. उन्हाला पाठ करून दोन-तीन तास सलग काम करावं अशी हवा वर्षातून तेवढीच. (एम-सील मात्र सकाळच्या गारव्यात घट्ट व्हायला कुरकुरतं, ते दुपारी लावावं.)

या हंगामाला आपल्याकडे मुहूर्तही आहे. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन करायचं, यामागे एकेकाळी साधा व्यवहार होता: नद्यांना उतार पडला, चिखल वाळला, मोहिमेला निघता येतं. तलवारीच्या जागी लेथ आणि प्रेस आले तरी पंचांग तेच राहिलं. भोसरीच्या गाळ्यांत मशिनं पुसून झेंडूच्या माळा चढतात. घरोघर स्कूटर, पान्हे, पक्कड, करवत पाटावर मांडली जातात. पण गंजलेला पान्हा कोणी देवापुढे ठेवत नाही. म्हणजे आदल्या दिवशी पेटी पालथी करावी लागते, रॉकेलच्या बोळ्याने चार महिन्यांचा गंज काढावा लागतो, बोथट झालेलं काय नि हरवलेलं काय याचा हिशेब आपोआप होतो. पूजा म्हणून जे होतं ते खरं तर वार्षिक देखभालीचं वेळापत्रक आहे, आणि एकदा उघडलेली पेटी मग सहसा संक्रांतीपर्यंत मिटत नाही.

यावरून ही खुडबुड फार जुनी, गावगाड्यातून चालत आलेली आहे, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. गावात लोहार होता, सुतार होता. पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या तांब्यावर ठोके पडत होते. पण तो त्यांचा धंदा होता, आणि धंदा जातीला बांधलेला होता. कुणब्याच्या पोराने हौस म्हणून ऐरणीशी बसावं अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती; त्याला फाळ शेवटून घ्यायचा तर तो लोहाराकडेच जायचा. अपवाद होते. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि तिथल्या खटाटोपातूनच पुढे लोखंडी नांगर आला. मात्र असे लोक विरळा, म्हणूनच त्यांची चरित्रं झाली. खेड, मावळ, हवेली तालुक्यांतून किंवा सातारा, बीड, लातूरकडून कंपनीत लागलेल्या साध्या माणसाच्या घरी पेटी आली ती गावातून नव्हे, कारखान्यातून. माझं म्हणणं एवढंच की, या पट्ट्यातली घरगुती कारागिरी हे कारखान्याचं अपत्य आहे. शिकलेला हात, ठरावीक सुट्टी आणि थोडी मोकळी जागा या तीन गोष्टी साठच्या दशकात आकाराला आलेल्या कारखानदारीने एकाच पिढीला एकत्र दिल्या. पुढे उत्तरेला उभ्या राहिलेल्या चाकणच्या कारखानदारीने त्या पुन्हा सुट्या करून टाकल्या.

हाताचं आधी पाहू. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत 1954 साली आली, पण यंत्रकामाचं गाव म्हणून पट्ट्याला आकार आला तो साठच्या दशकात: 1962 साली एमआयडीसी, आकुर्डीत बजाजचा कारखाना, 1966 मध्ये टेल्को (आताची टाटा मोटर्स). टेल्कोच्या पुणे कारखान्याची एक गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पहिला ट्रक इथून बाहेर पडला 1977 साली. मधली दहा-अकरा वर्षं कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी यंत्रं, साचे आणि माणसं घडवण्यावर घालवली. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने मोठ्या कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणं भाग पाडलं होतंच. इथे त्याला जिद्दीची जोड मिळाली. शिकाऊ फिटरच्या हाती पहिल्यांदा मशिन देत नाहीत, कानस देतात. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा ओबडधोबड तुकडा पकडायचा आणि तो घासून सपाट करायचा. नवख्याच्या हाताला कानस झोका खाते, त्यामुळे कडा झिजतात आणि मधे पोट राहतं. तुकडा गुण्याला लावून उजेडाकडे धरायचा. पातं आणि पोलाद यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. मग एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा, आणि दोन्ही असे जुळवायचे की आत सरकले पाहिजेत पण खुळखुळता कामा नयेत. निळा रंग लावून तुकडे एकमेकांवर घासले की कुठे उंच आहे ते डाग सांगतात. खांदे भरून येईस्तोवर हे काम चालतं. यातून जो हात तयार होतो तो सुट्टीच्या दिवशी गप्प बसत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कोणत्याही जातीचा असू शकतो.

सुट्टीचा दिवसही इथे विशेष. विजेच्या तुटवड्यामुळे औद्योगिक भागांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिल्या गेल्या, आणि पिंपरी-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. याचा समाजावर काय परिणाम झाला याकडे फारसं कोणी पाहिलेलं दिसत नाही. गुरुवारी मुलं शाळेत असतात, सरकारी कचेरीतला मेहुणा कामावर असतो, लग्नं-बारशी रविवारवर लोटलेली असतात. म्हणजे घरात कंपनी कामगार एकटा, हाती अख्खा दिवस, आणि पुण्यात बोहरी आळीतली हार्डवेअरची दुकानं मात्र उघडी. रविवारच्या सुट्टीने माणूस नातेवाइकांत जातो. गुरुवारच्या सुट्टीने तो स्वतःच्या हत्यारांपाशी येतो. हे थोडं ताणलेलं अनुमान आहे, मान्य. सेकंड शिफ्टवाल्यांच्या मोकळ्या सकाळीही हिशेबात धराव्या लागतील. पण एकांत ज्या दिवशी मिळतो त्याच दिवशी खुडबुड होते, एवढं कुठल्याही देशातल्या हौशी कारागिराला विचारा.

उरली जागा. 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, ते मुख्यतः कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. निगडी-आकुर्डीच्या सेक्टरांत 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने छोटे प्लॉट मिळाले आणि त्यांवर एकमजली, दुमजली घरं उठली. घराला जिना, जिन्याखाली कोपरा, मागे मोरीलगत चार फूट बोळ, वर गच्ची. अँगलच्या टेबलावर व्हाइस बोल्टने कायमची आवळायला एवढं पुरतं. थंडीच्या तोंडावर या कोपऱ्यांत निघणारी कामं ठरलेली: आंघोळीच्या पाण्याचा बंब उतरवून जळालेली जाळी बदलणं, पत्र्याच्या डब्याची भुशाची शेगडी करणं, दिवाळीसाठी आकाशकंदिलाच्या कामट्या तासणं, आणि सकाळी तिरकी केल्याशिवाय सुरू न होणाऱ्या चेतक स्कूटरचा प्लग घासून साफ करणं. मुलांच्या किल्ल्याला कारंजं आणि दिवे जोडण्याच्या निमित्ताने वडीलही मातीत हात घालत. चाकणला स्वतःचा भुईकोट, फिरंगोजी नरसाळ्याने 1660 साली शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्ग असताना दिवाळीत मुलं सिंहगड-राजगडच का करतात, हा वेगळाच प्रश्न. डोंगर रचण्यात मजा जास्त, हे बहुधा त्याचं उत्तर. माल कुदळवाडी-चिखलीच्या भंगारातून: अँगलचे तुकडे, मोटारी, बेअरिंगं, आयात यंत्रांच्या खोक्यांचं पाइनचं लाकूड. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे वापरलेले डायल गेज आणि मायक्रोमीटरही मिळून जातात.

कंपनीच्याच मशिनवर, कंपनीच्याच वेळात केलेल्या घरच्या कामांचं काय, असं कोणी विचारील. ती कुठल्या कारखान्यात होत नाहीत? मिक्लोश हारास्ती या हंगेरियन लेखकाने सत्तरच्या दशकात बुडापेस्टच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या अनुभवावर लिहिताना या चोरट्या कामांना सबंध प्रकरण दिलं. नगावर मजुरी मोजणाऱ्या त्या शॉपमध्ये कामगार सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या मनाने करत असे तेवढंच एक काम, हे त्याचं निरीक्षण. व्यवस्थापनाच्या नजरेत ती चोरी, आणि नियमाने ती चोरीच आहे. तरी माझ्या मुद्द्यापुरतं हारास्तीचं म्हणणं मोलाचं: अख्खी वस्तू करण्याची भूक कारखानाच लावतो, कारण दिवसभर तो वस्तूचा एकच भाग करायला लावतो.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. ही खुडबुड नव्हतीच, तो जोडधंदा होता. मौजेचं नाव देऊन तुम्ही कष्ट झाकता. यात तथ्य आहे. भोसरीच्या कित्येक गाळ्यांचे मालक आधी मोठ्या कंपन्यांत टर्नर-फिटर होते, आणि जिन्याखालच्या व्हाइसपासून सेकंडहँड लेथपर्यंतचा प्रवास अनेकांनी जॉबवर्कच्या जोरावर केला. वस्त्यांमधून बायका घरी बसून मोल्डिंगच्या रबरी भागांच्या कडा कापतात, नगावर किंवा किलोवर. त्यांच्या हातातही हत्यार असतं, पण त्याला खुडबुड कोणी म्हणणार नाही. घरात रमतगमत काम करण्याची चैन पुरुषाची होती आणि परमनंट नोकरीची होती. हे कबूल केल्याने माझा युक्तिवाद मोडत नाही, उलट आवळला जातो. पगाराची चिंता नसलेलाच माणूस एका कंदिलाच्या सांगाड्यावर तीन गुरुवार घालवू शकतो. बोनसच्या कायद्याने (1965) दिवाळीआधी हाती येणारी रक्कम हीसुद्धा त्याच नोकरीची देणगी. ग्राइंडर किंवा ड्रिल मशिन घरी यायचं ते बहुतेक त्यातूनच. आणखी एक शंका: गणपतीचे हलते देखावे ऐन पावसाळ्यात तयार होतात, मग थंडीचा आग्रह कशाला? ते मंडपात, वर्गणीतून, तारखेच्या धाकाने होणारं दहाजणांचं काम आहे. छप्पर मंडळाचं असतं, म्हणून पाऊस चालतो.

आता चाकण. 1999 मध्ये बजाजचा कारखाना, मग 2009-10 च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र. आकुर्डीतलं बजाजचं उत्पादन 2007 साली थांबलं. पट्ट्याचं केंद्र उत्तरेला सरकलं आणि कामाचा पोतही बदलला. वेल्डिंग रोबो करतो, माप मशिन घेतं. माणसाला मिळतं ते एक स्टेशन, एक टॉर्क गन आणि सेकंदांत मोजलेला वेळ. मोबाइलने पिढी बिघडली, म्हणून कोणी हातात पक्कड धरत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे निदान सोयीचं वाटतं, खरं नाही. मोबाइलवर तर वेल्डिंग शिकवणारे मराठी-हिंदी व्हिडिओ ढिगाने आहेत. वाकड-रावेतच्या टॉवरांतले इंजिनिअर ते पाहून बॅटरीवरचं ड्रिल मागवतात, काहींकडे थ्री-डी प्रिंटरही आहे. ती हौस चांगलीच आहे, पण ती विकत आणलेली आहे आणि तिची सुट्टी शनिवार-रविवारची. कारखान्याने आपल्या कामगाराला दिलेली ती नव्हे.

कामगाराकडे पाहिलं तर तिन्ही गोष्टी कशा सुटल्या ते दिसतं. 2013 नंतर नीम या प्रशिक्षणार्थी योजनेखाली घेतलेल्या हजारो ट्रेनींना लाइन शिकवली गेली, कानस नाही. मुदत संपली की पुढची बॅच. मोकळी जागा म्हणावी तर निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, कुरुळीत जुन्या शेतकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत. एका खोलीत चार-पाच जण, शिफ्टप्रमाणे झोपणारे, त्यामुळे ठोकाठोकीला दिवसाही बंदी. निगडी-आकुर्डीत कामगारांना प्लॉट देणारं प्राधिकरणही 2021 मध्ये पीएमआरडीए या महानगर प्राधिकरणात विलीन झालं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीच्या भंगार गोदामांवर महापालिकेचे बुलडोझर फिरले. ती बांधकामं बेकायदा होती, आगीही वारंवार लागत. कारवाईला कारणं होती. पण अँगलचा दोन फुटी तुकडा किलोच्या भावाने निवडून घ्यायची सोय त्याबरोबर गेली. राहता राहिला वेळ. व्हाइस बसवायची तर भिंतीला किंवा टेबलाला भोकं पाडावी लागतात, आणि पुढच्या दिवाळीला आपण याच खोलीत, याच कंपनीत असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही तो भोकं पाडत नाही. गुरुवारी ओव्हरटाइम मिळाला तर तो घेतो.