धावपट्टीच्या अलीकडे

बंगळूरच्या इंदिरानगरला प्लॉट घेतला तेव्हा सासरे म्हणाले होते, "जावईबापू, विमानतळाला लागून कुणी घर बांधतं का?" मला तर तो आवाजच हवा होता. मी एचएएल या विमान कारखान्याच्या इंजिन डिव्हिजनमध्ये होतो, मूळचा सोलापूरचा. आणि हा विमानतळही एका सोलापूरकराच्या डोक्यातून निघालेला. वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर दरबाराला सोबत घेऊन इथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. सरकारने ती पुढे विकत घेतली, तीच आमची एचएएल. कारखान्याच्या त्या धावपट्टीवरच मग बंगळूरची प्रवासी विमानंही उतरू लागली.

आमच्या गच्चीवरून ती दक्षिणेला दिसायची. पश्चिमेकडून दोम्मलूरवरून यायची, गोल्फ कोर्स ओलांडायची आणि धावपट्टीला टेकायची. बोइंग ७३७ उतरताना इंजिनाचा सूर सारखा थोडा चढायचा, थोडा पडायचा. तो सूर ऐकून वैमानिकाचा हात कसा चाललाय ते मला घरबसल्या कळायचं. हा उगाच मिरवायचा छंद होता, बायको वैतागायची.

१४ फेब्रुवारी १९९०, बुधवार. जेवणाच्या सुट्टीत आम्ही शॉपबाहेर उभे होतो. दक्षिणेला धूर दिसला. कुणीतरी म्हणालं, गवत पेटलं असेल. मग सायरन सुरू झाले.

मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान धावपट्टीच्या सुमारे २३०० फूट अलीकडे, गोल्फ कोर्सवर टेकलं, उसळलं, पुन्हा आदळलं आणि पलीकडच्या दलदलीत जाऊन पेटलं. आत १४६ माणसं होती. ९२ गेली. ऊन लख्ख होतं, वारा फारसा नव्हता, विमानात बिघाड नव्हता. एअरबस ए-३२०, दोन-अडीच महिन्यांचं जेमतेम.

विमानासारखीच नवी होती ती वैमानिकांची त्याच्याशी ओळख. डावीकडे कॅप्टन फर्नांडिस, ए-३२० वर एकूण ६८ तास. उजवीकडे त्यांची तपासणी करणारे कॅप्टन गोपुजकर. दोघेही हजारो तास उडालेले, म्हणजे शिकाऊ कुणी नाही. पण इंडियन एअरलाइन्सकडे ए-३२० येऊनच वर्ष झालेलं नव्हतं, तेव्हा तपासणाराही तसा नवाच.

पुढचं जरा सावकाश सांगतो, कारण माझा जीव तिथेच अडकतो. ए-३२० ला आकडे द्यायच्या बटणांत उंचीचं बटण आणि खाली उतरण्याच्या वेगाचं बटण एकाच पट्टीवर, जवळजवळ. चौकशीचा अंदाज असा की मिनिटाला ७०० फूट उतरायचं होतं, पण फिरवलं गेलं उंचीचं बटण, आणि विमानाला कळलं: ७०० फूट उंचीवर जा. बंगळूर स्वतःच समुद्रसपाटीपासून २९०० फुटांवर! यंत्राने शंका काढली नाही. इंजिनं मंद केली आणि ते खाली निघालं. सावरायला एक वाट होती. दोघांसमोरचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसं न्यायचं ते पडद्यावर दाखवणारे मार्गदर्शक, बंद केले असते तर इंजिनांनी वेग पुन्हा आपणहून सांभाळला असता. एकाचा बंद झाला, दुसऱ्याचा राहिला. दोन्ही बंद झाल्याशिवाय ती वाट उघडत नव्हती.

वेग १३२ नॉट्स हवा होता, तो १०६ वर आला. यंत्राचा आवाज चारशे फूट, तीनशे फूट असं मोजत होता. शेवटी थ्रॉटल पुढे ढकलले गेले. संगणकानेही तोवर स्वतःहून पूर्ण ताकद मागितली होती. पण मंद फिरणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला सात-आठ सेकंद लागतात. टेस्ट बेडवर मी ते किती वेळा घड्याळ लावून पाहिलंय. तिथे आठ सेकंद म्हणजे काहीच नसतात.

न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने ठपका वैमानिकांवर ठेवला: विमान मंद इंजिनांवर उतरतंय हे माहीत असून वेळेत थ्रॉटल पुढे केले नाहीत. खोटं नाही ते. पण जुन्या विमानात यंत्राने ताकद कमी केली की थ्रॉटलचा दांडा तळव्याखाली मागे सरकायचा. डोळे बाहेर धावपट्टीवर असले तरी हाताला बातमी लागायची. ए-३२० मध्ये दांडा एका खाचेत बसवून ठेवायचा. आत ताकद वाढो की पडो, तो जागचा हलत नाही. बातमी फक्त पडद्यावर. वर्षानुवर्षं हाताने ऐकणाऱ्या माणसाला ६८ तासांत डोळ्यांनी ऐकायला सांगितलं, असं मी म्हणतो. शॉपमध्ये यावरून भांडणं झाली. एक सहकारी म्हणायचा, "फ्रेंच लोक उडवतात की." मग २० जानेवारी १९९२ ला स्ट्रासबुर्गजवळ फ्रेंचांचंच ए-३२० डोंगरावर आदळलं, ८७ गेले. तिथेही संशय उतरण्याच्या आकड्याच्या घोळाचाच होता. त्या सहकाऱ्याशी मी त्यावर बोललो नाही. जिंकल्यासारखं वाटावं असं त्यात काही नव्हतं.

अपघातानंतर इंडियन एअरलाइन्सची सगळी ए-३२० विमानं काही महिने जमिनीवर बसवली. २००८ च्या मे महिन्यात विमानतळ देवनहळ्ळीला गेला आणि आमच्या गच्चीवरचा आवाज एका रात्रीत थांबला. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. आता इंदिरानगरच्या हंड्रेड फीट रोडवर कपड्यांची आणि बिअरची दुकानं आहेत. तिथल्या पोरांना गोल्फ कोर्सवरची ती दुपार कुठून माहीत असणार?

नातू विमानाने येतो तेव्हा हटकून विचारतो, "आजोबा, ए-३२० सुरक्षित ना?" आहे, बाबा. नंतरच्या ए-३२० मध्ये विमानाची गती फार पडली तर 'स्पीड, स्पीड, स्पीड' असं ते मोठ्याने ओरडतं. थ्रॉटल मात्र अजूनही आपणहून हलत नाहीत.